रॉकसाठी पहिली गिटार, ॲम्प आणि पेडलं: काय आधी घ्यायचं, काय नंतर

इलेक्ट्रिक गिटार शिकायचं ठरवलेली मंडळी बहुतेक वेळा पहिला प्रश्न पेडलचा, म्हणजे आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या डबीचा, विचारतात. "डिस्टॉर्शनला (आवाज फाडायला) कुठलं घेऊ?" गिटार अजून ठरलेली नसते, ॲम्पचा (आवाज मोठा करणाऱ्या डब्याचा) तर विषयही निघालेला नसतो. आवडत्या गिटारवादकाच्या पायाशी वीस पेडलं मांडलेला फोटो मात्र मोबाइलमध्ये असतो.

त्यांना मी क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे याचं उदाहरण देतो. १९६३ मध्ये त्याने वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. नेकचं (गिटारच्या मानेचं) लाकूड जुन्या फायरप्लेसच्या चौकटीचं, ट्रेमोलोच्या (सूर हलवणाऱ्या दांडीच्या) स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या इंजिनमधल्या, फ्रेटबोर्डवरचे (बोटं ठेवायच्या पट्टीवरचे) ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. ही ‘रेड स्पेशल’, तिच्यापुढे एक ट्रेबल बूस्टर (वरचे सूर उचलणारी डबी), आणि पुढे व्हॉक्स एसी ३० हा ॲम्प. तारा छेडायला पिक म्हणून सहा पेनीचं नाणं. इतकी वर्षं तो जो आवाज काढतोय त्याचा गाभा एवढाच आहे. (क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, तिथेच त्याचा पहिला बँड झाला, हे सांगायची संधी आपण सोडत नाही. तेही इथेच उरकून घेतो.)

म्हणून खरेदीचा क्रम असा: गिटार, तिचा सेटअप (वाजवायला सोपी होईल अशी जुळवणी), ॲम्प, आणि पेडलं सगळ्यात शेवटी. तेही एका वेळी एक.

१. आधी वाजवणार कुठे ते ठरवा

यावर निम्मं बजेट ठरतं. घरी फ्लॅटमध्ये वाजवणार असाल तर मोठ्या ॲम्पचा विचार सोडा. वॅट आणि आवाज यांचं गणित सरळ नाही: वॅट दहापट झाले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे शंभर वॅटच्या जागी दहा वॅटचा ॲम्प आणलात तर आवाज फार तर निम्मा होईल. वन बीएचकेमध्ये पाच वॅटचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) ॲम्पसुद्धा खालच्या काकूंना जिना चढायला लावतो.

बँडबरोबर वाजवायचं असेल तर जॅमरूम (बँडच्या सरावाच्या खोल्या) तासावर मिळतात आणि तिथे ॲम्प ठेवलेलेच असतात. गिटार, केबल आणि पेडलं घेऊन जायचं. घरच्या ॲम्पचं काम फक्त रियाजाचं.

२. गिटार निवडा

शेकडो मॉडेलं दिसली तरी रॉकमधली बहुतेक दोन घराण्यांत बसतात. एक फेंडर स्ट्रॅटोकास्टरचं, १९५४ पासूनचं: सिंगल कॉइल पिकअप (पिकअप म्हणजे तारेची थरथर पकडणारा भाग), तारेची वाजणारी लांबी साडेपंचवीस इंच, आवाज मोकळा आणि टोकदार. दुसरं गिब्सन लेस पॉलचं, १९५२ पासूनचं. याला १९५७ मध्ये हंबकर पिकअप आले. लांबी पाऊण इंचाने कमी, त्यामुळे त्याच जाडीच्या तारा बोटांना मऊ लागतात. आवाज जाड.

हंबकरमध्ये दोन कॉइल (बारीक तांब्याच्या तारेची वेटोळी) उलटसुलट जोडलेली असतात. बाहेरून आलेली घरघर एकमेकींना खोडून काढते, तारेचा आवाज मात्र एकत्र होतो. सिंगल कॉइलला ही सोय नाही, ती आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची घरघर इमानाने पकडते. आपल्या घरांत तर इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा पंखा आणि चोकवाली ट्यूबलाइट दोन्ही असतात. गिटार गळ्यात घालून खोलीत हळूहळू गोल फिरून बघा. एका दिशेला घरघर वाढते, नव्वद अंश वळलात की जवळजवळ जाते. ही गिटार बिघडलेली नाही. वाजवताना तोंड घरघर जाते त्या दिशेला करून बसा, किंवा पंखा पूर्ण वेगावर ठेवा.

पहिली गिटार म्हणून माझं मत: ब्रिजकडे (तारा खालच्या टोकाला टेकतात तिथे) एक हंबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल, म्हणजे दुकानदार ज्याला ‘एचएसएस’ म्हणतात ती. ब्रिज पक्का किंवा साध्या ट्रेमोलोचा. फ्लॉइड रोजसारखा तरंगता ब्रिज पहिल्या गिटारवर नको. एका तारेचा ताण बदलला की उरलेल्या पाचही उतरतात किंवा चढतात, आणि नवशिक्याचा अर्धा वेळ ट्यूनिंगमध्ये जातो. शिवाय तारा बदलायला ॲलन की शोधत बसावं लागतं.

डावखुऱ्यांनी आधीच सांगून ठेवावं. डाव्या हाताच्या गिटारी दुकानात क्वचित असतात, मागवाव्या लागतात. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने उजव्या हाताची स्ट्रॅट उलटी धरून, तारा फिरवून वाजवली हे खरं. पण शिकताना व्हॉल्यूमचं बटण सतत कोपराखाली येत राहील, याची तयारी ठेवा.

दुकानात गेल्यावर तिथला मुलगा झकास वाजवून दाखवतो. ऐका, मान डोलवा, आणि मग गिटार स्वतःच्या हातात घ्या. एकच सूर येत असला तरी चालेल, एवढं तपासा:

– प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) दाबून वाजवा. कुठे सूर मरतोय किंवा खरखरतोय का?
– बाराव्या फ्रेटवर तार दाबून आलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसती शिवून काढलेला सूर) ट्यूनरवर जुळतोय का?
– व्हॉल्यूम, टोन फिरवा, पिकअपचा स्विच प्रत्येक जागी टाका, जॅकमध्ये केबल जरा हलवा. खर्रर्र आवाज आला तर तिथेच सांगा.
– नेकच्या कडेवरून तळहात फिरवा. फ्रेटची टोकं टोचत असतील तर ती घासून घ्यावी लागतील.

३. सेटअप करून घ्या, मग गिटारला नावं ठेवा

"गिटार स्वस्तातली आहे म्हणून वाजवायला जड जाते" हे वाक्य निम्म्या वेळा खोटं असतं. ती कारखान्यातून गोदामात, तिथून दुकानात आलेली असते, दरम्यान लाकूड हवेप्रमाणे हललेलं असतं. चांगल्या कारागिराकडून सेटअप केला की तीच गिटार वेगळी वाटते. या खर्चात कंजुषी करू नका.

स्वतः करणार असाल तर क्रम चुकवू नका: आधी नेकचा बाक, मग तारांची उंची, शेवटी इंटोनेशन (वरच्या फ्रेटांवरही सूर जुळणं). बाक बघायला पहिली आणि शेवटची फ्रेट एकदम दाबा. मधे, सातव्या-आठव्या फ्रेटच्या आसपास, तार आणि फ्रेट यांच्यात पाव मिलिमीटर जागा दिसली पाहिजे, साधारण व्हिजिटिंग कार्ड सरकेल इतकी. ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक बदलणारी सळई) एका वेळी पाव फेरा, जास्त नाही. अडतोय असं वाटलं तर जोर न लावता कारागिराकडे जा. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची दोन मिलिमीटर आणि बारीक तारेची दीड, ही सुरुवातीला बरी. फेंडर घराण्यावर नऊच्या तारा, गिब्सन घराण्यावर दहाच्या, असा ढोबळ ठोकताळा (आकडा सगळ्यात बारीक तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागांत). जाडी बदललीत की हे सगळं पुन्हा.

लागणारी हत्यारं: ॲलन कीचा सेट, बारीक स्क्रूड्रायव्हर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), पोलादी फूटपट्टी, ट्यूनर, तारा कापायचा कटर.

४. ॲम्प

गिटार-ॲम्पला नुसता भोंगा समजू नका, आवाजाचा अर्धा स्वभाव तिथे ठरतो. एसी ३० ची चमक, मार्शलची गुरगुर आणि फेंडरचा स्वच्छ घुमार हे तीन रंग ओळखायला शिकलात की कुठलंही रेकॉर्डिंग ऐकताना मजा येते.

व्हॉल्व्हचा ॲम्प आवाज चढवल्यावर छान फाटतो. पण तो चढवावा लागतो, आणि घरी तेच शक्य नसतं. म्हणून घरासाठी मॉडेलिंग ॲम्प घ्या, ज्यात वेगवेगळ्या ॲम्पची डिजिटल नक्कल आणि हेडफोनची सोय असते. स्पीकर जमला तर आठ किंवा दहा इंचांचा. ट्रान्झिस्टरला कमी लेखायचं कारण नाही: क्वीनच्या जॉन डीकनने कचऱ्यात मिळालेल्या सर्किट बोर्डाचा, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा एक चिमुकला ॲम्प जोडला होता. ब्रायन मेने स्टुडिओत गिटारीचे वाद्यवृंदासारखे थर रचताना तो पुष्कळ वापरला. ‘डीकी ॲम्प’ म्हणून तो आज प्रसिद्ध आहे.

व्हॉल्व्हचाच घेणार असाल तर चार नियम पाठ करा.

– स्पीकर जोडल्याशिवाय तो कधीही चालू करायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.
– ॲम्पवरचे ओहम आणि कॅबिनेटचे (स्पीकरच्या पेटीचे) ओहम जुळले पाहिजेत: चार, आठ किंवा सोळा.
– हेड (स्पीकर नसलेला ॲम्पचा डबा) आणि कॅबिनेटच्या मधे स्पीकर केबलच लावायची. गिटारची केबल दिसायला तशीच असते, तिची पिनही तिथे बसते, पण आतली तार त्या करंटसाठी नाही.
– मागचं झाकण उघडायचं नाही. आत तीनशे-चारशे व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते राहतात.

५. वीज: इथे घाई नको

पेडलवर चर्चा तासन्‌तास चालतात आणि प्लगकडे कोणी बघत नाही. सगळ्यात आधी खोलीतल्या सॉकेटला अर्थिंग आहे का, ते इलेक्ट्रिशियनला बोलावून बघून घ्या. जुन्या इमारतींत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण मागे अर्थची तार जोडलेलीच नसते. ॲम्पची तीन पिनांची वायर दोन पिनांच्या अडाप्टरमध्ये खुपसून "घरघर गेली" म्हणणारे भेटतील. घरघर गेली असेल, तुमचं संरक्षणही गेलं. एक हात तारांवर असताना माइकला ओठ लागून झणझण झालं तर वाजवणं तिथेच थांबवा आणि वायरिंग बघून घ्या. ही थट्टेची गोष्ट नाही.

घरघरीचं मूळ शोधायची पद्धत सोपी आहे. गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. घरघर गेली तर ती पिकअप पकडतोय. राहिली तर केबल, पेडलं, ॲम्प किंवा वीज. मग मधली पेडलं काढून गिटार थेट ॲम्पला जोडा आणि एकेक पेडल परत लावत जा. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर घाबरू नका, बहुतेक गिटारी अशाच वागतात. हात लावल्यावर वाढत असेल तर मात्र आतली वायरिंग तपासा, कुठेतरी सोल्डरचा डाग सुटलेला असतो किंवा तार उलटी लागलेली असते.

इन्व्हर्टरवर वाजवताना वेगळीच किरकिर आली तर गिटारला दोष देऊ नका. स्वस्त इन्व्हर्टर साइन वेव्ह देत नाहीत, ती किरकिर तिथून येते.

आता अमेरिकेतल्या दादाची गोष्ट. न्यू जर्सीहून येताना तो हौसेने ॲम्प आणतो. तिथली वीज १२० व्होल्ट, आपली २३०. मागच्या पट्टीवर ‘१००–२४०’ लिहिलं असेल तर फक्त पिन बदला आणि वाजवा. नुसतं ‘१२०’ लिहिलं असेल तर स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरशिवाय प्लग लावायचा नाही. ट्रान्सफॉर्मर निवडताना ॲम्पच्या नावातले वॅट बघू नका, ती स्पीकरला जाणारी शक्ती आहे. पंधरा वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प भिंतीतून त्याच्या कितीतरी पट वीज ओढतो. मागच्या पट्टीवरचा आकडा बघा आणि त्याहून बऱ्यापैकी मोठा ट्रान्सफॉर्मर घ्या. इंग्लंडहून आलेल्या ॲम्पला ही अडचण सहसा येत नाही, तिथला व्होल्टेज आपल्यासारखाच आहे.

६. पेडलं, एकेक करून

पहिलं पेडल ट्यूनर. हे ऐकून सगळे नाराज होतात. तरी घ्या.

दुसरं ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन. आवाज फाडणाऱ्या पेडलांत तीन जाती. फझ सगळ्यात जुनी: १९६२ चं माएस्ट्रो एफझेड-१, मग १९६६ चा गोल डबीसारखा फझ फेस, जो हेंड्रिक्सच्या पायाशी असायचा. डिस्टॉर्शन म्हणजे बॉसचं १९७८ पासूनचं केशरी डीएस-१ या जातीचं. स्वच्छ ॲम्पलाही ते एकट्याने फाडतं. ओव्हरड्राइव्ह सौम्य. आयबानेझचं हिरवं ट्यूब स्क्रीमर खर्ज थोडा कापून मधले सूर पुढे आणतं, आणि आधीच फाटायच्या बेतात असलेल्या व्हॉल्व्ह ॲम्पला ढकलायला ते उत्तम. पण स्वच्छ ट्रान्झिस्टर ॲम्पवर तेच पेडल लावून लोक "नाव ऐकलं तसं काही वाजत नाही" म्हणतात. ढकलायला पुढे काही हवं ना! तुमचा ॲम्प कुठला आहे त्यावर पेडल ठरतं, फोटोवर नाही.

तिसरं डिले (प्रतिध्वनी देणारं). मग वाह, कोरस, फेझर (सूर डोलवणारे इफेक्ट), जे गाण्यात ऐकू येतंय आणि तुमच्याकडे नाही ते. कुठल्या इफेक्टचा काय आवाज हेच अजून कळत नसेल तर सेकंड हँड मल्टिइफेक्ट (एकाच डब्यात अनेक इफेक्ट) घेऊन वर्षभर खेळा. लोक त्याला नाक मुरडतात. मी नाही मुरडत, शिकायला त्यासारखं स्वस्त साधन नाही.

इथले दोन हमखास सापळे. पहिला, गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण) पूर्ण वर. घरी एकट्याने वाजवताना ते भरगच्च वाटतं, बँडमध्ये गिटार नुसती सूं-सूं करते. जॅमला गेलात की गेन निम्म्यावर आणा. दुसरा, बेस आणि ट्रेबल वर, मिडल शून्य. खोलीत हाही आवाज सुंदर लागतो. बँडमध्ये खर्ज बास गिटार घेऊन जाते, वरचा भाग झांजा घेऊन जातात, आणि तुम्ही वाजवताय हे फक्त तुम्हालाच माहीत असतं. मिडल वाढवा.

७. क्रम आणि फळी

गिटारकडून ॲम्पकडे जाताना: ट्यूनर, वाह, कॉम्प्रेसर (लहानमोठा आवाज सारखा करणारं), ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन, मग कोरस-फेझर, मग डिले, शेवटी रिव्हर्ब (खोलीसारखी गुंज देणारं). डिले डिस्टॉर्शनच्या आधी ठेवलात तर प्रत्येक प्रतिध्वनीही फाटतो आणि चिखल होतो. फझ फेसच्या जातीचं पेडल मात्र गिटारला थेट जोडा. मधे दुसरं काही आलं की गिटारचा व्हॉल्यूम कमी करून आवाज साफ करायची त्याची खुबी जाते. क्रम नंतर खुशाल मोडा, आधी हा ऐकून ठेवा.

बहुतेक पेडलांना नऊ व्होल्ट डीसी लागतात आणि पिनचा मध्यभाग निगेटिव्ह. घरात पडलेल्या वायफाय राउटरच्या अडाप्टरची पिन पेडलमध्ये अगदी नीट बसते, तिथेच घोळ होतो: तो बहुधा बारा व्होल्टचा आणि मध्यभाग पॉझिटिव्ह असतो. पेडलच्या खाली छापलेलं चिन्ह आणि मिलिअँपिअरचा आकडा वाचल्याशिवाय काही खुपसू नका. सगळ्या पेडलांच्या मिलिअँपिअरची बेरीज करून त्याहून मोठा सप्लाय घ्या. तीन-चार ॲनालॉग पेडलं एकाच अडाप्टरवरून ओळीने चालतात, डिजिटल डिले त्यात आला की चिवचिव ऐकू येते. त्याला आयसोलेटेड आउटपुटचा (प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा) सप्लाय हवा. जुन्या पद्धतीची जर्मेनियम फझ पेडलं पॉझिटिव्ह ग्राउंडची (उलट्या जोडणीची) असू शकतात, त्यांना बाकीच्यांच्या ओळीत बसवू नका, बॅटरीवर चालवा. बॅटरीवर चालणाऱ्या पेडलमधून वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवायची. इनपुटमध्ये केबल असेपर्यंत बॅटरी उतरत राहते, दिवा बंद दिसला तरी.

पेडलं मांडायची फळी विकत घ्यायलाच हवी असं नाही. सुताराकडून प्लायचा तुकडा, वर चार पट्ट्या मधे फट सोडून, मागची बाजू दोन इंच उचललेली, आणि वेल्क्रो. फटीतून केबली खाली जातात.

८. सेकंड हँड घेताना

ॲम्पला लावून वाजवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, फोटो कितीही चकचकीत असोत. गिब्सन आणि एपिफोन घराण्याच्या गिटारी हेडस्टॉक (खुंट्यांचा भाग) जिथे मागे वळतो तिथे मोडतात. ती जागा उजेडात तिरकी धरून, नखाने चाचपून बघा. नीट चिकटवलेली असेल तर गिटार वाजते छान, पण किंमत तशी लावली पाहिजे. पहिल्या पाच फ्रेटवर तारांचे खड्डे पडलेत का बघा. ट्रस रॉडचा नट गोल झालेला नाही ना? नावाजलेल्या कंपन्यांच्या नकली गिटारी बाजारात भरपूर आहेत, नुसत्या सिरियल नंबरवर भिस्त ठेवू नका, नंबरही छापता येतो.

९. पावसाळा

कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर तारा गंजतात, बटणं खरखरतात, केसच्या आतल्या कापडावर बुरशी येते. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा वरून आणि खालूनही पुसा. गिटार केसमध्ये, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या अधूनमधून बदला. केस बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल तिथूनच येते. खरखरणाऱ्या बटणांना इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, दुचाकीच्या साखळीचा स्प्रे नको. ॲम्पही आठवड्यातून एकदा चालू करा, आतली दमट हवा उबेने निघून जाते.

१०. कागद

फार नाहीत, पण असायला हवेत: खरेदीचं बिल, वॉरंटी कार्ड, सिरियल नंबरचा आणि चारही बाजूंचा फोटो, आणि कोणती वस्तू किती मिलिअँपिअरवर चालते याची फळीच्या खाली चिकटवलेली चिठ्ठी.

परदेशी कार्यक्रमाला गिटार नेणार असाल तर जाताना विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. परत येताना तीच गिटार नवी खरेदी म्हणून गणली जात नाही. त्यासाठी बिल आणि सिरियल नंबर लागतो, आणि वेळही, म्हणून लवकर पोहोचा. फ्रेटबोर्ड रोजवूडचा असेल, म्हणजे पुष्कळदा आपलं शिसवीच, तर जुने लेख वाचून घाबरू नका. जानेवारी २०१७ मध्ये रोजवूडच्या सगळ्याच जातींवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले होते, पण नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझिलियन रोजवूडला ती सूट नाही. तसली जुनी गिटार कोणी विकायला आणली तर आधी तिचे कागद मागा, मग किमतीवर बोला.